चालू कामाचा खिळा

बेकरीवाल्याची हातगाडी संध्याकाळी येणार होती. भिंतीवरचे जोड्यांचे लाकडी फर्मे एकदा त्याच्या भट्टीत गेले की गेले, म्हणून त्या रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर थोरली सून कारखान्यात उतरली. वरच्या घरातून खाली जायला आतून जिना होता. पण पूल पडल्याला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात ती त्या जिन्यावरून एकदाही उतरली नव्हती. कामाला जाताना मागच्या लोखंडी जिन्याने गल्लीत उतरायचं आणि तसंच वर यायचं. घरातल्यांनी आधी समजावलं, मग टोमणे मारून पाहिले, मग दमले, आणि तो मागचा जिना आपोआप तिच्या नावाचा झाला.

कारखाना म्हणायचा म्हणून कारखाना. होती एक लांबट खोली. खिडकीशी कामाचं मेज, समोर रस्त्याचं दार, आणि दारापासून मेजापर्यंत लाकडी फळ्यांची एक वाट. उजवीकडची भिंत जमिनीपासून छतापर्यंत फर्म्यांनी भरलेली. या घरात तीन पिढ्या मापाचे जोडे शिवत होत्या. गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर उतरवून घ्यायचं, त्यावरून लाकडाचा पाय कोरायचा आणि त्या लाकडी पायावर, म्हणजे फर्म्यावर, चामडं ओढून जोडा उभा करायचा. माणसाचा पाय वयाने पसरला, फुगला, तर नवा फर्मा कोरत बसायचं नाही, जुन्यावरच चामड्याची पातळ पट्टी ठोकायची. मुलांचे फर्मे तर असे थरावर थर चढून वाढायचे, आणि मूल हायस्कुलात जाईपर्यंत आतलं मूळ लाकूड कुठे आहे हे शोधावं लागायचं. माणूस मेला तरी त्याचा फर्मा काढून टाकायचा रिवाज नव्हता. त्यामुळे भिंतीवर जिवंतांपेक्षा मेलेलेच जास्त झाले होते, आणि धाकट्याचं म्हणणं नेमकं तेच होतं.

धाकटा, म्हणजे थोरलीचा दीर, बाजारात तयार जोड्यांचं दुकान चालवायचा. ते दुकान त्याला आता इथे आणायचं होतं. बाबांचे हात थरथरतात, मापाचे जोडे शिवून घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं, भिंत मोकळी झाली तर खोके लावता येतील. बोलणं सरळ होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. गेल्या रविवारी सगळ्यांनी मान डोलावली होती. थोरलीनेही. तिने एवढंच म्हटलं होतं, की दोन जोड्या मी काढून घेईन. कोणत्या ते कोणी विचारलं नाही.

ती उतरली तेव्हा भिंत निम्मी रिकामी झाली होती. वन्सं पदर खोचून पोती धरून उभ्या होत्या. त्या शाळेत हेडबाई होत्या आणि घरी आल्या तरी त्यांची घंटा बंद होत नसे. धाकटा शिडीवरून फर्मे काढून खाली देत होता. सासरे मेजापाशी आपल्या स्टुलावर, भिंतीकडे पाठ करून बसले होते.

"हा वकिलाचा," धाकटा म्हणाला.

"कोणता वकील?"

"सपाट तळव्यांचा. कोर्टात उभं राहून राहून पाय दुप्पट झाला. अक्कल होती तेवढीच राहिली."

"मेलेल्याबद्दल असं बोलू नये," वन्सं म्हणाल्या, आणि वकिलाला पोत्यात टाकलं. "पुढचा."

"सुईणबाई. हिच्या टाचा बघ, दगडाच्या. हिने तुला मला बाहेर काढलंय, अक्का. नीट ठेव."

"नीट कुठे ठेवू, भट्टीत? ये गं वहिनी, तू बस. तुला हात लावायची गरज नाही. तुझं काय ते काढून घे आणि वर जा, धुळीत उभी राहू नकोस."

थोरली बसली नाही. तिला आज आणखी एक गोष्ट सांगायची होती. रुग्णालयाच्या शिवणघरात ती चादरी शिवायची. सगळ्या सारख्या चादरी, कोणाच्याच मापाच्या नाहीत, आणि तिला तेच हवं होतं. रुग्णालयाच्या मागच्या आळीत तिने एक खोली पाहून ठेवली होती. पहिल्या तारखेपासून ती तिकडे राहायला जाणार होती. आज सगळे एकत्र आहेत तर सांगून टाकू, दोन जोड्या घेऊ आणि मोकळं होऊ, असं तिने जिन्यावरच ठरवलं होतं.

नवऱ्याचा, थोरल्याचा फर्मा कुठे आहे हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. तिने तो काढला. लांब, अरुंद, आणि तिच्या अपेक्षेपेक्षा हलका. त्याच्या सरळ खालचा खिळा अगदी खालच्या रांगेत होता, लहान मुलाचा हात पोचेल असा, आणि खिळ्याच्या वर भिंतीवर लाल पेन्सिलीने भिंगरी काढलेली होती. काढणारीचं नावही भिंगरीच, थोरलीची लेक. घरभर गरगर फिरायची म्हणून बापाने ठेवलेलं नाव. नाव लिहिता येत नव्हतं तेव्हा तिने चित्र काढलं होतं.

त्या खिळ्यावर काही नव्हतं.

"वन्सं, इथलं कोणी काढलं?"

"खालची रांग अजून घेतलीच नाही."

"पोत्यात बघा."

धाकटा शिडीवरून उतरला. एक पोतं ओतलं, दुसरं ओतलं. वकील, सुईण, जुने पोस्टमास्तर, सगळे जमिनीवर पसरले. लहान फर्मे निघाले चारपाच, पण भिंगरीचा नव्हता. थोरली गुडघ्यावर बसून एकेक उलटा करून पाहत होती. तिच्या हातांना घाई सुटली होती आणि ती तिला आवरत नव्हती.

"असेल इथंच कुठे," धाकटा म्हणाला. "लहान मापाची एक जोडी मेजावर आहे, पण ती त्या गवंड्याच्या मुलीची. आज जोडे न्यायला येणार आहेत ते. तिला तयार माल बसेना, म्हणून शेवटचे एक शिवून दिले. मीच शिवले. त्या मापाला बसेलसा फर्मा भिंतीवर आयताच मिळाला."

"कुठे मिळाला?"

"भिंतीवर गं, वहिनी. या बाजूलाच कुठेतरी. मी माप बघून काढला."

थोरली उठून मेजाशी गेली. तपकिरी रंगाचे नवे जोडे तिथे जोडीने उभे होते, बंद ओवलेले, पुसून ठेवलेले. बाजूला त्यांतून नुकतेच उपसलेले दोन फर्मे. ते मोठे होते. चांगल्या दहा वर्षांच्या मुलीचे. भिंगरी गेली तेव्हा सहाची होती. थोरलीने डावा फर्मा उचलून परत ठेवला, आणि मग पुन्हा उचलला, कारण टाचेच्या वरच्या उघड्या लाकडाला बोटांना खड्डे लागले होते. वर दोन, खाली दोन. दुधाच्या दातांचे. बाप जोडे शिवत असताना भिंगरी आपला लाकडी पाय बाहुलीसारखा घेऊन बसायची आणि रुसली की चावायची.

"हा तिचाच आहे," थोरली म्हणाली. "पण हा वाढलाय."

वन्संनी पोतं खाली ठेवलं. धाकट्याने पुढे होऊन फर्मा तिच्या हातातच फिरवून पाहिला. चवड्याला, टाचेला, बाजूंना चामड्याचे थर होते, एकावर एक, कडा इतक्या सफाईने तासलेल्या की पाहणाऱ्याला सांधा दिसू नये. असं काम या घरात एकाच माणसाचं होतं. तिघांनीही स्टुलाकडे पाहिलं.

सासरे वळले नाहीत. "दर वर्षी एक," ते म्हणाले. "शाळा सुरू व्हायच्या सुमारास. पोरांना तेव्हा जोडे लागतात."

"कोणाला लागतात, बाबा?" वन्संनी विचारलं. प्रश्न हेडबाईचा होता, आवाज मात्र लेकीचा निघाला.

म्हातारबुवांनी मेजावरची रापी, चामडं कापायची सुरी, उचलली आणि अंगठ्याने तिची धार पाहिली.

"आणि मी त्यावर दुसऱ्याच्या पोरीचे जोडे शिवले," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मला एका शब्दाने सांगायचं होतंत, बाबा."

"तू विचारलंस का?" सासरे म्हणाले.

"काय विचारायला हवं होतं? आपल्या भिंगरीचा फर्मा दहाच्या मापाचा झालाय का, असं? हे कोणाच्या डोक्यात येईल?"

"आता वाद नको," वन्सं म्हणाल्या. "धाकट्या, ते लोक आले की सांग, जोडे बिघडले, पैसे परत. आणि ह्या पट्ट्या काढून टाक, सगळ्या. आतला मूळ पाय निघेल तो वहिनी घेऊन जाईल. बाबा, तुमचं वय झालंय म्हणून मी बोलत नाही, पण हा वेडेपणा आहे."

"काढतो मी," धाकटा म्हणाला. "पकड कुठाय?"

इतका वेळ भिंतीपायी एकमेकांवर खेकसणारे बहीणभाऊ क्षणात एक झाले होते, आणि तेही थोरलीच्या बाजूने. तिला त्याचाही राग आला. तिच्या बाजूने नेहमी दुसरंच कोणीतरी बोलायचं. ती जेवली का, ती झोपली का, तिला हे दाखवू नका, तिला ते सांगू नका.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्हीच सगळं ठरवताय." मग सासऱ्यांकडे वळून, "बाबा, माझी भिंगरी सहा वर्षांची आहे. रोज सकाळी उठते तेव्हा ती सहाची असते आणि रात्री निजते तेव्हाही सहाचीच. मला ती तेवढीच मिळाली. आणि तुम्ही इथे खाली तिला वाढवत बसलात. मला न सांगता."

"तू खाली येत नव्हतीस."

"म्हणून?"

"म्हणून एकट्यानेच वाढवली."

थोरलीला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. पण आला तो संताप, आणि संतापाच्या तळाशी चक्क हेवा होता. म्हाताऱ्याजवळ दहा वर्षांची नात होती. तिच्याजवळ नव्हती.

"मी पहिल्या तारखेपासून खोली घेतलीय," ती म्हणाली. "रुग्णालयाच्या मागे. सांगायचंच होतं, आज सांगते."

"वहिनी, आत्ता हे काय मधेच," वन्सं म्हणाल्या.

"मधेच नाही. मी ठरवून आलेय." आणि तिने धाकट्याच्या हातातली पकड काढून घेतली. "पट्ट्या मीच काढते. माझी मुलगी आहे."

ती मेजाशी बसली. पूल पडण्याआधी ती थोरल्याबरोबर इथेच काम करायची; तिची जागा खिडकीच्या बाजूला होती आणि तिथलं स्टूल कोणी हलवलं नव्हतं. डावा फर्मा मांडीत धरून तिने सगळ्यांत वरच्या पट्टीचा एक खिळा सैल केला आणि कोपरा उचलला. खालून दिसलं ते जोड्यांचं चामडं नव्हतं. मऊ, काळपट, तेल प्यालेलं चामडं होतं. तिने ते ओळखलं, पण खात्री करायला म्हणून मान वर केली. समोरच्या खुंटीवर थोरल्याचा कामाचा चामडी एप्रन टांगलेला होता. पूर्वी तो त्याच्या नडगीपर्यंत यायचा. आता खालची कड वीतभर वर गेली होती, रापीने सरळ कापत कापत.

"दुसरं चामडं नव्हतं का घरात?"

"होतं की," सासरे म्हणाले. "पण बापाने दिलेलं बरं."

थोरलीने उचललेला कोपरा अंगठ्याने परत दाबला. अंगठा तसाच वर सरकला, चवड्यावरून पावलाच्या उंचवट्यावर, आणि तिथे थांबला. एकदा इकडून, एकदा तिकडून तिने तो फिरवला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"उंचवटा. सपाट ठेवलात. माप कुठून घेतलंत?"

"माप कुठून घेणार?" सासरे आता पहिल्यांदा स्टुलावर वळले. "थोरल्याचा पाय लहानपणी कसा वाढला ते हातांना आठवतं. पोर बापावर गेली होती, म्हणून त्याच अंदाजाने—"

"पायाने बापावर नव्हती गेली. माझ्यावर गेली होती. वरून उंच. तिला बंदाचे जोडे वर रुतायचे, आठवत नाही?"

"ते सहाव्या वर्षी. पुढे उतरतो उंचवटा."

"कुणाचा उतरतो? माझा उतरला? हे बघा." आणि तिने चप्पल काढून आपला पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवला. "चाळिशी आली तरी उतरला नाही. हिचा दहाव्या वर्षी कसा उतरेल?"

"टाचेला मी जास्त धरलंय. त्यात निघून जातं ते."

"नाही जात, बाबा. टाच मागे वाढते, हे वर वाढतं. मी तिचे पाय धुतलेत."

"आणि मी तिचे पहिले जोडे शिवलेत."

"ते पण वर रुतायचे."

सासऱ्यांनी हात पुढे केला, फर्मा घेतला, डोळे बारीक करून खिडकीच्या उजेडात बाजूने पाहिला आणि परत दिला. "असेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'असेल' निघणं म्हणजे दुसऱ्या कोणी लेखी माफी मागण्यासारखं होतं.

वन्सं आणि धाकटा पसरलेल्या फर्म्यांच्या मधोमध उभे होते. चार वर्षांत या सासऱ्या-सुनेत चहा ठेवलाय आणि औषध घेतलं का यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आता दोघं मेलेल्या पोरीच्या दहाव्या वर्षीच्या पायावरून भांडत होते, आणि भांडणात दोघांचेही चेहरे माणसात आल्यासारखे दिसत होते. हेडबाईंनी सुईणबाईंचा फर्मा उचलून पदराने पुसला.

तेवढ्यात दार वाजलं. गवंडी आला होता, रविवारचे धुतलेले कपडे घालून, पण नखांत चुना तसाच. बरोबर त्याची मुलगी. हडकुळी, दोन वेण्या, पायांत कापडी सपाता. तिने आत आल्या आल्या मेजावरचे जोडे हेरले आणि मग न पाहिल्यासारखं केलं.

"झालेत ना?" गवंड्याने विचारलं.

धाकट्याने वन्संकडे पाहिलं, वन्संनी थोरलीकडे. जोडे बिघडले, असं म्हणायचं ठरलं होतं.

"झालेत," थोरली म्हणाली. "घालून बघ, बाळ."

मुलीने खाली बसून जोडे घातले, बंद बांधले, आणि गवंडी पैशांसाठी खिशात हात घालू लागला. "थांबा जरा," सासरे म्हणाले. "आधी चालू दे."

ही या कारखान्याची जुनी पद्धत. जोडा पायात कसा दिसतो हे इथे पाहायचं नाही. गिऱ्हाइकाला फळ्यांच्या वाटेवरून दारापर्यंत चालायला लावायचं, आणि आपण पाठ करून ऐकायचं. माणसं भिडेखातर खोटं बोलतात, लहान मुलं तर नव्या जोड्यांसाठी वाट्टेल ते सोसतात, पण फळी जे वाजायचं ते वाजते. धाकटा सवयीने वळला. सासरे वळले. थोरलीचा कान घरात सगळ्यांत तिखट होता, थोरला तसं गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. वळायचं की नाही याचा विचार करायच्या आधीच ती वळून बसली होती, आणि मग उठून जायला उशीर झाला.

मुलगी चालू लागली. टक, टक, टक. लहान मुलीची पावलं, हलकी, दाराकडे जाणारी. थोरलीने मेजाची कड धरली. हा आवाज पुन्हा कानावर पडू नये म्हणूनच तर ती मागच्या जिन्याने जात होती. शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर नको, वरच्या मजल्यावर खिडकी बंद, खाली कारखान्यात तर नकोच. पावलं दारापाशी वळली आणि परत येऊ लागली, आणि त्यांत तिला काहीतरी खटकलं.

"पुन्हा चाल," ती म्हणाली.

टक, टक. टक, टक. मुलगी पुन्हा दारापर्यंत जाऊन आली.

"छान आहेत," मुलगी म्हणाली. "अगदी मऊ आहेत."

"ठीक वाटतंय," धाकटा म्हणाला. सासऱ्यांनीही मान हलवली; त्यांचा एक कान आता नावालाच होता.

"डावा वर दाबतोय," थोरली वळून म्हणाली. "उजवा पण, पण डावा जास्त. पाय पूर्ण टेकवत नाही ती. बंद सोड बरं."

पावलाच्या वरच्या बाजूला, बंदाखाली, लालभडक रेघ उठली होती. मुलीने बापाकडे चोरून पाहिलं. "दुखत नाही तेवढं," ती म्हणाली.

"वरून फीत घेतली होती का, भाऊजी?"

"कागदावर पाऊल काढलं होतं," धाकटा म्हणाला, आणि पुढचं बोलायची त्याला गरज पडली नाही. कागदावर लांबी येते, रुंदी येते. उंची येत नाही.

मुलगी अनवाणी पायाने मेजाशी आली होती. थोरलीच्या मांडीवरच्या फर्म्याकडे तिने बोट केलं. "हा माझा पाय आहे?"

"नाही. हा माझ्या मुलीचा."

"ती कुठंय?"

वन्सं घाईघाईने पुढे आल्या. "बाळ, तू इकडे ये, तुला बिस्किट—"

"राहू द्या, वन्सं," थोरली म्हणाली. मग मुलीकडे पाहून, "ती वारली. ती आणि तिचे बाबा. जोडे पोचवायला चालले होते बसने, आणि पूल पडला."

चार वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हणू दिलं नव्हतं. तिनेही ते स्वतःला म्हणू दिलं नव्हतं. ते एवढंसंच होतं. म्हणून झालं तरी खोली होती तिथेच राहिली.

गवंड्याने जोड्यांकडे पाहिलं आणि आपल्या मुलीकडे पाहिलं. "म्हणजे बाई," तो अडखळत म्हणाला, "माफ करा, पण म्हणजे, गेलेल्या मुलीच्या मापावर हिचे—" त्याने मुलीला जवळ ओढलं. "राग मानू नका. मला एकच आहे ही."

"राग कसला," थोरली म्हणाली. "मलाही एकच होती." ती थोडं थांबली. "लाकूड तिचं आहे. माप तुमच्या मुलीचं घेते, आत्ता, तुमच्यासमोर. मग तो हिचा पाय. आणि तुम्हाला नकोच असेल तर आम्ही जोडे ठेवून घेऊ. जबरदस्ती नाही."

गवंड्याला काही ठरवता येईना. ठरवलं ते मुलीने. ती बापाच्या हातातून सुटली, स्टुलावर चढून बसली आणि पाय पुढे केला. "ही चावलीये याला," टाचेवर बोट फिरवत ती म्हणाली. "मी पण पेन्सिली चावते."

थोरलीने फीत घेतली. मुलीचा पाय हातात धरला तेव्हा तो गरम होता आणि जरासा धुळकट. तिने वरून फीत फिरवली, नख लावून माप धरलं, आणि खुंटीवरून एप्रन काढून गळ्यात अडकवला. पूर्वी कधी गंमत म्हणून तिने तो घातला तर तो पायात यायचा आणि थोरला हसायचा. आता तो तिला बरोबर बसला. तिने खालची कड मेजावर पसरली, रापीने एक पट्टी कापली, मग दुसरी. थोरल्याचा फर्मा मेजावर आडवा येत होता, तो तिने उचलून सासऱ्यांच्या मांडीवर दिला. "हे धरा जरा." त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. फर्मा मांडीवर होता तोवर त्यांचे हात थरथरले नाहीत, की थरथरले आणि कोणी पाहिलं नाही, देव जाणे.

पट्टी उंचवट्यावर बसली. तिने कडा तासल्या, बारीक खिळे ठोकले, अंगठा फिरवला, पुन्हा तासली. जोड्याचं वरचं चामडं आतून ओल्या फडक्याने भिजवलं आणि फर्मा पुन्हा जोड्यात सरकवला. चामडं कुरकुरलं आणि हळूहळू वर उचललं गेलं. उजव्याचंही तसंच केलं.

बेकरीवाल्याची गाडी दारात येऊन उभी राहिली होती. "भरायचं का?" त्याने बाहेरूनच विचारलं. धाकट्याने थोरलीकडे पाहिलं. ती कामातून मान वर न करता म्हणाली, "भिंतीवरचं सगळं द्या, भाऊजी. तुमचे खोके येऊ देत. मेज राहू द्या, आणि मेजावरचे खिळे." वकील, पोस्टमास्तर सगळे गाडीत गेले. सुईणबाईंचा फर्मा मात्र वन्संनी आपल्या पिशवीत टाकला, आणि कोणी विचारू नये अशा चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

मेजाच्या वर, खिडकीच्या चौकटीला, चार खिळे होते. चालू कामाचे. ज्याने तिथे काम टांगलं त्याने ते पुरं करायचं. गिऱ्हाईक जोडे घालून दाराबाहेर पडेपर्यंत दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. हा नियम थोरल्याच्या आजोबांपासूनचा, आणि लग्न होऊन या घरात आलेल्यांनाही त्यातून सूट नव्हती. थोरलीने फर्म्यावर चढवलेले ते दोन्ही जोडे दोरीने बांधले आणि पहिल्या खिळ्यावर टांगले.

"वाळायला वेळ लागेल," ती गवंड्याला म्हणाली. "बुधवारी या."

"आलो तर विचारू कोणाला?" गवंड्याने धाकट्याकडे पाहत विचारलं.

धाकट्याने थोरलीकडे पाहिलं. खोलीचं त्याने ऐकलं होतं. वन्संनीही ऐकलं होतं. सासरे मांडीवरच्या फर्म्याकडे पाहत होते.

"मला विचारा," थोरली म्हणाली. "मी राहायला जरा लांब आहे, पण बुधवारी इथे असेन."

गवंड्याने मान डोलावली. मुलगी सपाता घालून दारापर्यंत गेली, फळीवर दोनदा उगीच पाय आपटून पाहिला, आणि तिला काहीतरी आठवलं.

"पण पुढच्या वर्षी माझा पाय वाढेल," ती म्हणाली. "मग?"

थोरलीने सासऱ्यांकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या जोड्यांतल्या फर्म्याकडे.

"वाढू दे की," ती म्हणाली. "आपण यालाही वाढवू."